दांड्याला भोक पाडलेले चमचे

३ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार करायला हवा, पण हातांना अजून खरकट्याचा वास येतोय, म्हणून लांबूनच करते. तीनदा साबण लावला, जात नाही.

तुमच्या खुर्चीवर बसून आज बारा दिवस झाले. एकतीस वर्षं तुम्ही या क्लबची पँट्री सांभाळलीत. घरी यायचात तेव्हा अंगात कडक इस्त्रीचा कोट आणि तोंडात एक वावगा शब्द नाही. मला वाटायचं, मामा केवढ्या मोठ्या माणसांत वावरतात! मामा, ही माणसं आहेत का कोण आहेत? एकेक सांगते, पण जेवण आटोपलं असेल तरच पुढे वाचा. काट्यांच्या दात्यांत अंड्याचा बलक वाळून सिमेंट झालेला. सुरीच्या पात्याला चघळलेलं च्युइंगगम. एका मेंबरने चमच्याच्या दांड्याने कान कोरला, मी या डोळ्यांनी पाहिलं, आणि तोच चमचा साखरेत घातला. परवा तर कहर झाला. एकोणीस नंबरच्या मगात दातांची कवळी! अख्खी, वरची आणि खालची. तळाशी बसून माझ्याकडे बघून हसत होती. मी मोरीवर जाऊन भडाभडा ओकले. आक्का शांतपणे आली, कवळी दोन बोटांनी उचलली, धुतली, पुसली, फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, "एकोणीस नंबर ना? दर महिन्याला विसरतात."

आक्का तुम्हाला ठाऊकच आहे, बावीस वर्षं मोरीवर उभी आहे. तिला कशाची म्हणून किळस येत नाही. मी मात्र घरी गेल्यावर चमचा तोंडाजवळ नेऊ शकत नाही. आई म्हणते, डोहाळे लागल्यासारखी करू नकोस.

आता कामाचं. तुम्ही निवृत्त झालात त्यानंतरच्या आठ महिन्यांत सगळ्याची वाट लागली आहे. स्टीलचे काटे-चमचे ब्लीचच्या पाण्यात बारा-बारा तास बुडवून ठेवायची अक्कल कुणाला सुचली कोण जाणे. टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडलेत आणि त्यांत गंजाचे ठिपके. स्टेनलेसला गंज कसा चढतो? आणि ते चाळीस मग. आईला सांगितलं की कल्हईला लावतात ते कथील असतं ना, त्याचे अख्खे मग आहेत, एकेका मेंबरचा एकेक, आजापणजापासून आलेला, वर नंबर कोरलेला. तर तिला खरंच वाटेना. सगळे काळेठिक्कर पडलेत. घासू का? कशाने घासू?

आणखी एक. दाराआड एका तारेत अठरा चमचे ओवलेले आहेत, प्रत्येकाच्या दांड्याला भोक. ते कसले? आक्काला विचारलं तर म्हणाली, "ते आमचे." आणि पुन्हा मोरीकडे वळली.

तुमची भाची


९ फेब्रुवारी

नकटे,

नाक आहे एवढंसं आणि मुरडतेस केवढं! तुझं पत्र तुझ्या मामीला वाचून दाखवलं, कवळीवर ती पोट धरून हसली. पँट्रीत शिरताना नाक बाहेर खुंटीला टांगायचं असतं, हा पहिला धडा. ज्याला उष्ट्याची किळस येते त्याने शिक्षकी करावी.

स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं नव्हे बाई, डाग कमी पडणारं. त्याचे दोन वैरी, मीठ आणि ब्लीच. ज्याने ब्लीच आणलं त्याच्या डोक्यावर ते ओत. चमचा टेबलावरून आला की तत्काळ विसळायचा. मग गरम पाणी, साबण, मऊ फडकं. आणि धुतल्याबरोबर पुसायचा. आपोआप वाळेल म्हणून ठेवलास की पाण्याचे डाग बसलेच समज. घासायची वेळ आली तर दांड्याच्या लांबीने घास, आडवं कधीच नाही. तारेची घासणी मोरीवर दिसली तर ती आणणाऱ्यासकट बाहेर काढ. पडलेले खड्डे मात्र भरत नाहीत. ते आता जन्माचे.

कथलाची जात निराळी. ते मऊ असतं, आपटलं की पोचा आलाच. मशीनमध्ये घालायचं नाही, आणि विस्तवाजवळ तर मुळीच न्यायचं नाही, बघता बघता वितळून खाली बसतं. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि हाताने धुणं. काळेपणा ही घाण नव्हे, वय आहे ते. फारच डोळ्यांत खुपलं तर खडूची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून हलक्या हाताने गोल गोल फिरव, तेही वर्षातून एकदा. लिंबू-व्हिनेगर त्यात साठू द्यायचं नाही. जुन्या कथलात शिसं असतं, ते पेयात उतरतं.

तारेतले चमचे नोकरमाणसांचे. मेंबरांच्या चमच्यांत त्यांची भेसळ होऊ नये म्हणून खूण आहे. ते वेगळ्या टोपलीत धुवायचे आणि वेगळ्या फडक्याने पुसायचे. जुनी पद्धत आहे, कमिटीची. त्यात नाक खुपसू नकोस, आहे तेवढंही राहायचं नाही.

मामा

ता. क. पत्र टाकायला मीच जाते, म्हणून कोपऱ्यात हे चार शब्द. तुझं पत्र यांनी वाचून दाखवलं, पण शेवटच्या चार ओळी गाळल्या. मी नंतर खिशातून काढून वाचल्या. कमिटीची पद्धत म्हणे! अठरा झाले का आता? — मामी


२ मार्च

मामा,

मामींना म्हणावं, मला त्यांच्या ता. क.चा अर्थ कळला नाही. पण आज ते राहू दे. आज मी मोठ्या घोळात सापडले आहे.

गेल्या मंगळवारी जेवणावळ होती, दोनशे पानं. मोरीवर वाफच वाफ. आक्का सकाळपासून उभी होती. एकाएकी तिचे डोळे फिरले आणि ती खाली बसली. मी धावले. हाताशी आला तो मग उचलला, पाणी भरलं आणि तिच्या ओठाला लावला. दोन घोटांत तिला हुशारी आली. एवढंच झालं, मामा. पण तो मग सतरा नंबरचा होता आणि सतरा नंबर स्वतः दारात उभे होते. त्यांचं तोंड असं झालं, जणू त्यांच्या पानात कुणी उंदीर सोडला. "यातून मी आता प्यायचं?" म्हणाले. यांच्या थुंकीने लडबडलेले चमचे आक्का बावीस वर्षं उघड्या हातांनी धुते, ते चालतं. तिचे ओठ लागले की मग बाटला!

पुढचं ऐका. सेक्रेटरीने स्वैपाक्याला चिठ्ठी पाठवली: "मग क्र. १७ ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवून निर्जंतुक करणे." खाली सही. मी तेव्हा आक्काला घरी सोडायला गेले होते. स्वैपाकी हुकमाचा ताबेदार. परत आले तर ओव्हनच्या ट्रेमध्ये राखाडी थारोळं, त्यात मगाची मूठ तेवढी ओळखू येत होती. चिठ्ठी मी उचलून ठेवली आहे.

आता सेक्रेटरी घाबरला आहे. तो मग सतरा नंबरांच्या आजोबांचा. ओव्हनचं त्यांना सांगायची याची छाती नाही. म्हणून मला एक टाइप केलेला कागद दिला आहे: मोरीवरच्या बाईने मेंबरचा मग चोरून वापरला, आणि बोभाटा झाल्यावर विस्तवावर धरून खराब केला. पँट्रीप्रमुख म्हणून मी खाली सही करायची. केली की आक्काला काढणार. नाही केली तर मलाच काढणार, अजून माझे उमेदवारीचे सहा महिने पुरे व्हायचे आहेत. अठरा तारखेला कमिटीची सभा आहे. आक्काला तोवर घरी बसवलंय. तिला या कागदाचं काहीच माहीत नाही. काय करू?


६ मार्च

चि. नकटीस,

डोकं थंड ठेव आणि सही कर.

वाचून राग येईल. येऊ दे. तुझ्या आईच्या औषधांवर तुझा पगार जातो. ती माझी धाकटी बहीण आहे, तिला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? ही जागा तुला मिळावी म्हणून मी सेक्रेटरीसमोर किती वेळा टोपी काढली ते मला विचार. आक्का हाताने कष्ट करणारी आहे, तिला काम कुठेही मिळेल. तुला मिळणार नाही. आणि तू आधी नियम मोडलास हे विसरू नकोस. तारेवर नोकरांचे पेलेही टांगलेले असतात, दोन पावलं पुढे गेली असतीस तर हे रामायण झालंच नसतं.

मोठ्या जागेत टिकायचं तर वाकावं लागतं. मीही वाकलो. फार वर्षांपूर्वी असाच प्रसंग आला होता. मोरीवरची एक बाई मेंबरांच्या खणातल्या चमच्याने आपला डबा खाताना सापडली. तिला काढायला निघाले होते. मी एका चमच्याच्या दांड्याला ड्रिलने भोक पाडून तो कमिटीपुढे ठेवला. म्हटलं, हा नोकरांचा, आता भेसळ होणार नाही. सगळे खूश. बाईची नोकरी राहिली, क्लबची शिस्त राहिली. याला शहाणपण म्हणतात. चमच्याला भोक पडल्याने कुणी उपाशी मरत नाही.

सही कर आणि विषय संपव.

मामा


१० मार्च

मामा,

या वेळी मामींचा ता. क. नव्हता. तुम्ही स्वतः पत्र टाकायला गेलात ना?

तुमचं पत्र वाचून मला किळस आली. तुमच्या पत्राची, मामा. लिहिलंय ते मी खोडणार नाही. कवळीने ओकले तेव्हा पोट रिकामं झाल्यावर बरं तरी वाटलं होतं. हे आतच राहिलंय. "कमिटीची पद्धत" म्हणालात. ती कमिटीची नव्हतीच, तुमची होती. तुम्ही स्वतःच्या हाताने भोकं पाडलीत, आणि वर त्याला शहाणपण म्हणता!

आणि मी तरी कोण लागून गेले आहे? सही केली नाही, पण कागद फाडलाही नाही. रोज खणातून काढते, पेनाचं टोपण काढते, आईच्या गोळ्यांची पट्टी आठवते, टोपण लावते. काल आक्काकडे गेले होते. तिने मलाच धीर दिला. "तुमच्यावर आलं नाही ना बाई?" असं विचारलं. मला तिच्याकडे बघवेना.

ती बाई कोण होती, मामा? जिच्यासाठी पहिलं भोक पाडलंत ती? तिला कधी विचारलंत का, त्या चमच्याने घास कसा लागतो?


१३ मार्च

पोरी,

तुझं पत्र यांनी वाचलं आणि घडी करून पुस्तकात ठेवलं. कालपासून जेवताना मान वर करत नाहीत. मग मीच पुस्तक उघडलं. उत्तर ते देणार नाहीत, म्हणून मी देते.

ती बाई मी.

तुला माहीत असायचं कारण नाही, तुझा जन्मही नव्हता. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. हे पँट्रीत कारकून होते. एका पगारात भागेना म्हणून मी मोरीवर लागले. आम्ही नवरा-बायको आहोत हे तिथे कुणाला सांगायचं नाही, असं यांनी बजावलं होतं. मोरीवरच्या बाईचा नवरा म्हटल्यावर यांना वर कोण चढवणार? मी म्हटलं, बरं. एक दिवस डब्यात चमचा घालायला विसरले म्हणून खणातला घेतला. बोभाटा झाला. संध्याकाळी हे घरी आले. आमच्या जेवायच्या टेबलावर फडकं अंथरलं, चमचा दाबून धरायला मलाच सांगितलं आणि भोक पाडलं. मग कानशीने कडा घासल्या, माझं बोट कापू नये म्हणून. माया नव्हती असं कसं म्हणू? होती. ती भोकाच्या कडांपुरती होती.

नोकरी राहिली ते खरं. पण बाकीचं यांनी तुला लिहिलं नाही. कमिटीला ती कल्पना इतकी आवडली की महिन्याभरात यांना पँट्रीप्रमुख केलं. त्या भोकातून हे वर गेले. आणि मी अकरा वर्षं त्या चमच्याने जेवले, माझ्याच नवऱ्याच्या देखरेखीखाली. हे रोज दुपारी तारेतले चमचे मोजायचे. माझ्याकडे बघायचेही नाहीत, कुणाला संशय यायला नको ना! एकदा माझा चमचा चुकून मेंबरांच्या टोपलीत पडला, तर चारचौघांत मला झापलं. घरी येऊन पाया पडले. मला त्या झापण्यापेक्षा पाया पडण्याचीच शिसारी आली.

तेव्हा मी तोंड उघडलं नाही. बाईने संसारात मन मोठं ठेवावं म्हणतात. मी इतकं मोठं ठेवलं की त्यात माझ्यामागून आलेल्या सतरा जणांचे चमचे मावले. हे माझं चुकलं, आणि हे मला तुला सांगायचं होतं. तुझ्या आईच्या औषधांचं मी बघते, माझ्या दोन बांगड्या नुसत्या पडून आहेत. तू सही करू नकोस.

सकाळपासून हे कोट ब्रशने झाडतायत. कुठे जायचंय ते सांगत नाहीत.

मामी


२० मार्च

मामी,

तुमचं पत्र सतरा तारखेला संध्याकाळी हातात पडलं. तुमच्यापासून काय लपवू? त्याच दुपारी मी सही केली होती. कागद खणात तयार होता. पत्र वाचलं, परत क्लबात गेले आणि तो फाडला. फाडताना काही शूर वगैरे वाटलं नाही. उद्या आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

अठराला सभेच्या दालनाबाहेर गेले, तर बाकावर कोट घालून मामा बसलेले! माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. शेजारी आक्का उभी, तिला सेक्रेटरीनेच बोलावलं होतं. शिपाई नवा, त्याने मामांना ओळखलं नाही. बाकावरचा माणूस म्हणून चहा आणून दिला. बशीत चमचा होता, दांड्याला भोक. मामांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "कडा घासलेल्या नाहीत. हा माझ्या हातचा नाही." चहा तसाच राहिला.

आत मी सांगितलं, पाणी मी दिलं, मग मी ओठाला लावला, आक्काने मागितलाही नव्हता. आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. सतरा नंबरांनी ती वाचली आणि सेक्रेटरीवर असे काही उसळले की विचारू नका. "माझ्या आजोबांचा मग तू भट्टीत घातलास?" पाच मिनिटं ते दोघेच एकमेकांना फाडून खात होते. आक्काचं नावही कुणी घेतलं नाही.

माझ्यामागून आत आलेले मामा मग पुढे झाले. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "नोकरांच्या चमच्यांना पहिलं भोक मी पाडलं. ज्या बाईच्या चमच्याला पाडलं ती माझी बायको. अकरा वर्षं ती इथे तुमचं उष्टं धूत होती आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. मला तिची लाज वाटायची." आणि पुढे म्हणाले, "माझी वाटायला हवी होती."

मग एकोणीस नंबर, तेच कवळीवाले, अगदी प्रेमाने म्हणाले, "पण व्यवस्था उत्तम होती हो! आम्ही अजून तुमचं नाव काढतो." मामी, तो माणूस टोमणा मारत नव्हता. मनापासून कौतुक करत होता.

निकाल असा: आक्काला सोमवारपासून कामावर घ्यायचं, आणि मेंबरच्या वस्तूची हयगय केल्याबद्दल मला महिनाभराची नोटीस. म्हणजे तुमच्या बांगड्या बाहेर निघणार असं दिसतंय. मी काम शोधतेय, तोवर उसन्या म्हणून घेईन.

मी बाहेर येऊन आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "नको."

"अगं नको काय? भांडून मिळवलंय!"

"कळतंय बाई, उपकार आहेत तुमचे. पण बावीस वर्षं यांची थुंकी धुतली, कवळ्या धुतल्या, कधी किळस केली नाही. परवडत नव्हती म्हणून केली नाही. माझे ओठ लागले म्हणून त्यांनी मग जाळला ना, त्या दिवसापासून येते. आता त्या मोरीत हात घालवत नाही मला."

"मग करणार काय?"

"उष्टी भांडी काय, जगात इथेच होतात?" म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून निघाली.

मामा तिच्यामागे फाटकापर्यंत गेले. "आक्का," म्हणाले, "माझं चुकलं." ती थांबली. मामांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बाजूला थुंकली आणि चालायला लागली.

हे पत्र पोचेल तोवर मामा घरी आलेले असतील. सभेत काय बोलले ते तुम्हाला सांगतील. फाटकातलं सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिलं.

तुमची भाची